बिजलीच्या पाठीवर

माघ निम्मा सरला की आजही मला खोकल्याची उबळ येते. बेळगावात राहायला येऊन इतकी वर्षं झाली, आमच्या कॉलनीत तंबाखूचं पान औषधालाही सापडायचं नाही, तरी घसा आपला हंगाम पाळतो. निपाणीकडच्या माणसाचा घसा आहे तो. तिकडं या दिवसांत तंबाखू कापून शेतातच पसरलेला असायचा, वखारींची दारं उघडी, आणि वारं सुटलं की अख्ख्या गावाला एकदम ठसका लागायचा. कोल्हापूरच्या गाडीतनं उतरणारा पाहुणा शिंकत उतरायचा आणि आम्ही पोरं त्याला हसायचो. माझी आई वखारीत तंबाखू चाळायला जायची. तिच्या पदरात तोंड खुपसलं की डोळ्यांना धार लागायची. तरी आम्ही खुपसायचोच.

सुजाला मात्र कधी ठसका लागला नाही. सुजाता, माझी मुलगी. आता तिचे केस पिकायला लागलेत. ती बोलत नाही, कधीच बोलली नाही. पण या दिवसांत ती मागच्या दाराशी उभी राहते, मान वर करून हवा हुंगते आणि जीभ टाळूला लावून आवाज काढते, टक् टक्. टांगेवाला घोड्याला 'चल' म्हणून काढतो तसा. आतून शालन, माझी बायको, म्हणते, "तुमच्या लेकीला हंगाम कळला बघा." मला बिजली आठवलेली असते.

हल्ली या आजाराला नाव आहे. स्वमग्नता म्हणतात. नाव चांगलं आहे, छापील आहे. पण मी सुजाला जवळून पाहिलंय, आणि ती स्वतःत मग्न आहे असं मला कधी वाटलं नाही. उलट बाहेरचं सगळंच तिच्या अंगावर एकदम येतं. लॉरीचा भोंगा, भाकरी थापल्याचा आवाज, कुणी प्रेमानं डोक्यावरून फिरवलेला हात, सगळं सारख्याच जोरानं. आपल्याला त्यातलं निम्मं टाकून देता येतं. तिला येत नाही.

मी सांगतोय तो हंगाम ऐंशी साल उजाडायच्या थोडा आधीचा. तेव्हा नावं वेगळी होती. बेळगावच्या डॉक्टरनं 'मंदबुद्धी' म्हटलं आणि दुसरं मूल होऊ द्या असा सल्ला दिला. बसचा कंडक्टर 'हुच्ची' म्हणाला, म्हणजे कानडीत वेडी. गावानं 'लागीर झालंय' म्हटलं आणि कुठल्या दर्ग्याला, कुठल्या देवीला न्यायचं तेही सांगितलं. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. बीएड करून निपाणीत हायस्कुलात मास्तर झालेला. बुद्धवंदना म्हणणारं आमचं घर. अंगारा-धुपारा दारात येऊ देणार नाही असं मी ठणकावून सांगितलं. सांगणं सोपं होतं. त्याच्या जागी काय करायचं, ते मला माहीत नव्हतं.

बिजली ही हुसेनभाईंची घोडी. आमचं गाव निपाणीपासून जवळ, आणि हुसेनभाईंचा टांगा गाव ते बसस्टँड चालायचा. त्यांचा तबेला आमच्या वस्तीच्या कडेलाच. "नाव बिजली," ते स्वतःच म्हणायचे, "आन् चालबी गावच्या लाइटीवानीच. आली तर आली, न्हाय तर न्हाय."

एका सकाळी सुजा घरातून नाहीशी झाली. सहा वर्षांची असेल. शालन ओरडत वस्तीभर फिरली, आणि पोरगी सापडली तबेल्यात, घोडीच्या पोटाखाली. गाल पोटाला टेकवलेला, डोळे मिटलेले. आम्ही चौघं-पाचजण दारात थिजलो. कुणी पुढं गेलं आणि घोडीनं लाथ झाडली तर?

"कुनी हलू नका," हुसेनभाई हळूच म्हणाले. "घोडी लाजलीया."

त्या अवस्थेतही शालनला हसू फुटलं. मी सुजाकडं बघत होतो. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच तिचे खांदे कानांपासून खाली आलेले मी पाहिले. एखादं गाठोडं सोडून ठेवावं, तसे.

ते बघूनच मी हुसेनभाईंना विचारलं, हिला पाठीवर बसवता येईल का? ते डोकं खाजवत म्हणाले, "मास्तर, मला टांगा हाकाय येतो. पोरगी बसवायचं काय मला ठावं न्हाय. आन् घोडीलाबी न्हाय."

खरंच घोडीलाही ठाऊक नव्हतं. टांग्याच्या जनावराला ओझं मागं असायची सवय, डोळ्यांना झापडं असायची सवय. पाठीवर गोणपाट टाकलं तरी तिची कातडी लाटेसारखी थरथरायची. मग आधी गोणपाट, मग भुश्श्याचं अर्धं पोतं, मग वाळूचं. आम्ही तिघं, मी, शालन आणि हुसेनभाई, पहाटेच्या गारठ्यात पोत्याला घोड्यावर बसवून चालवत होतो. ज्यानं ते पाहिलं त्यानं तंबाखूचा ठसका विसरून पोट धरलं. "मास्तर, पोतं पास झालं का न्हाय?" असं लोक मला शाळेच्या वाटेवर विचारायचे.

मग सुजा. तिला कमरेला धरलेलं चालत नव्हतं, चटका बसल्यासारखी ओरडायची. मग पडू नये म्हणून करायचं काय? शालननं आपलं जुनं लुगडं घड्या घालून घोडीच्या पोटाभोवती बांधलं आणि वर एक जाड गाठ ठेवली. सुजानं ती गाठ दोन्ही मुठींत पकडली. आम्ही दोन बाजूंनी चालायचो, हात वर धरून, तिच्या अंगापासून वीतभर लांब. हात लावायचा नाही, पण हात तयार ठेवायचा. खांदे भरून यायचे. मी पुष्कळ पुस्तकं वाचली, परीक्षा दिल्या, मुलं शिकवली. पण आईबापपण म्हणजे काय ते मला त्या अवघडलेल्या हातांनी शिकवलं, असं आता वाटतं.

आणि उतरवणं! बसवण्याहून ते अवघड. ती चावायची, लाथा मारायची. शेवटी लक्षात आलं, की बिजलीनं तोबऱ्यात तोंड घातलं आणि हरभरे फोडायचा आवाज सुरू झाला की सुजा आपण होऊन घसरून खाली येते. म्हणजे फेरी तबेल्यातच संपायला हवी, आणि तोबरा तयार हवा. अशा बारक्या गोष्टी शोधत आम्ही चाललो होतो. सांगणारं कुणी नव्हतं. आपण पोरीचं बरं करतोय की वाईट, याची धास्ती रोजची. हुसेनभाईंना कधी पहाटेचं भाडं मिळायचं, ते त्यांचं पोट, नाही कसं म्हणणार? पण त्या दिवशी घोडी नसली की सुजा दाराच्या चौकटीवर डोकं आपटायची. तेव्हा वाटायचं, ही गोडी लावलीच कशाला? नव्हती तेव्हा तिला निदान नसल्याचं दुःख नव्हतं.

पण घोडीवर असली की ती शांत असायची. घरी आल्यावरही तास-दोन तास. त्या वेळात ती शालनच्या हातून जेवायची. आणि एके दिवशी बिजली वाटेत थांबली तेव्हा पाठीवरून आवाज आला, टक् टक्. हुसेनभाईंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. आमच्यापैकी कुणीच तो काढला नव्हता. घोडी निमूट चालायला लागली. पोरीनं जगाला काहीतरी सांगितलं होतं आणि जगानं ते ऐकलं होतं.

आता वाटेची गोष्ट. डांबरी रस्त्यानं न्यायची सोय नव्हती, हायवेच्या लॉऱ्या दिवसरात्र. शेतांतून जावं तर सगळीकडं तंबाखू वाळत पडलेला, पान तुडवलं तर शेतकरी उभं राहू देणार नाही. मऊ मातीची, निवांत वाट एकच, ओढ्याकडं जाणारी. आणि ती गावातून, चावडीसमोरून जायची.

चावडी म्हटलं की मला आप्पा दिसतात, माझे वडील. त्यांच्या तरुणपणी आमच्या माणसांनी चावडीपुढून जाताना चपला हातात घ्यायच्या, असा रिवाज होता. तो कधीच मोडला होता. कायदा आला, आम्ही बौद्ध झालो, मी चावडीपुढून बूट वाजवत शाळेला जायचो आणि कुणी चकार शब्द काढत नव्हतं. पण आप्पांचे पाय तिथं थांबायचे. बरोबर चावडीच्या कट्ट्यासमोर ते वाकायचे, चप्पल काढायचे, झाडायचे आणि म्हणायचे, "खडा गेलाय." दर वेळी. मी कॉलेजात असताना एकदा चिडून म्हणालो होतो, "आप्पा, खडा बरा इथंच सापडतो तुमाला!" त्यांनी चप्पल पायांत सरकवली आणि चालू लागले. पुन्हा मी तो विषय काढला नाही.

घोडी चावडीपुढून न्यायची म्हटल्यावर आप्पांचा चेहरा उतरला. "बाळू, पायी चालत जा की. घोड्यावर बसून कशापायी?"

"आप्पा, घोड्यावर बसायसाठीच चाललोय."

पहिल्या दिवशी कट्ट्यावर चार-पाच म्हातारे कोवळ्या उन्हाला बसलेले. एकानं मान वर करून विचारलं, "कुनाची रं पोरगी?" दुसऱ्यानं उत्तर दिलं, "मास्तराची. जाऊ द्या तिकडं, येडी हाय ती."

त्यात वाईट हेतू नव्हता. दयाच होती. पण ती मला ओढ्यापर्यंत टोचत राहिली. माझी मुलगी शहाणी असती, तर?

हाच प्रश्न दिनकरनं उघड विचारला. दिनकर माझा चुलतभाऊ, वखारीत कामाला, वस्तीतल्या तरुण पोरांचा पुढारी. एप्रिलातली जयंती जवळ आली होती. एका संध्याकाळी तो घरी आला, पाटावर बसला आणि म्हणाला, "दादा, यंदा मिरवणुकीच्या म्होरं सुजा. घोड्यावर. चावडीवरनं."

"का?"

"का म्हंजे? येडी हाय म्हनून जाऊ देत्यात आपल्या पोरीला. हे मला न्हाय चालत. हलगी वाजवत, निळे झेंडे घेऊन जाऊ द्या की. मग बघू काय म्हंत्यात."

त्याचं म्हणणं मला पटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. शब्दाला शब्द पटत होता. आणि कोपऱ्यात बसलेल्या आप्पांचे डोळे चमकले. जे आप्पा घोडी चावडीपुढून न्यायला भीत होते, ते म्हणाले, "व्हय रं बाळू. एकडाव बसू दे की पोरीला. मी म्होरं चालतो."

शालन चुलीपुढून उठून दारात आली. हलगी घुमली, बँड वाजला, फटाके लागले की सुजाचं काय होईल, ते आम्ही दोघंच जाणत होतो. कुकरची शिट्टी झाली तरी ती पलंगाखाली शिरायची.

"न्हाय," मी म्हणालो. "ती मिरवायला बसत न्हाय दिनकर. तिला बरं वाटतं म्हणून बसती."

"शिकलास म्हनून लाज वाटाय लागली व्हय आमची?"

"लाज नव्हं. तिला सोसायचं न्हाय."

"आमी काय काय सोसलं, ते इचार की आप्पांना!"

आप्पा खाली बघत होते. दिनकर चहा न घेता गेला. वस्तीत त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. माझ्या माणसांचा मान एका बाजूला आणि माझ्या मुलीची शांतता दुसऱ्या बाजूला, असं त्या उन्हाळ्यात मला उभं राहावं लागलं. सगळ्या पुस्तकांत एकाच्या विरुद्ध दुसरा असतो, आणि त्यातला एक चुकीचा असतो. इथं तसं नव्हतं.

सुजा गेली नाही. पण घोडी गेली. ती हुसेनभाईंची होती, आणि जयंतीचा मान त्यांना नाकारवला नाही. "समदी वस्ती दारात आली मास्तर, न्हाय कसं म्हनू?" दिनकरनं चौथीत पहिली आलेली एक मुलगी पाठीवर बसवली, हाती निळा झेंडा दिला. मी मिरवणुकीत मागं चालत होतो. दृश्य देखणं होतं, खरं सांगतो. माझा ऊर भरून आला होता. आप्पा पुढं होते, डोक्याला नवा फेटा. चावडीजवळ हलगी टिपेला गेली आणि आमच्याच पोरांनी आनंदानं फटाक्यांची माळ लावली.

बिजली मागच्या पायांवर उभी राहिली. हुसेनभाईंनी मुलीला वरच्या वर झेललं, म्हणून तिला खरचटलंही नाही. गावानं काही केलं नव्हतं, उलट कट्ट्यावरचे दोघं-तिघं लगाम धरायला धावले. मिरवणूक पुढं गेली. पण घोडी बुजली ती बुजलीच. दुसऱ्या दिवशी पाठीवर नुसतं गोणपाट ठेवलं तरी ती भिंतीला अंग घासून ते पाडायची. डोळे पांढरे. जवळ जाऊ देईना. आणि दारात सुजा उभी, टक् टक् करत. परत परत. घोडी हलत नव्हती.

तो आवाज आप्पांना सहन झाला नाही. ते म्हणाले, "बसवा म्हनून मी बी म्हनालतो." आणि उठून भुश्श्याचं पोतं शोधायला गेले.

परत पहिल्यापासून सुरुवात. या वेळी दोर आप्पांच्या हातात. मी उत्तरपत्रिकांत अडकलो होतो. चैत्र गेला, वैशाख निम्मा गेला. पावसाळा लागला की ओढ्याची वाट चिखलात जाणार, म्हणजे हातात थोडेच दिवस. आप्पांनी आयुष्यात जनावर म्हणून दुसऱ्याचे बैल तेवढे राखलेले. ते बिजलीशी बोलायचे, सुजाशीही त्याच आवाजात. दोघींनी उत्तर द्यायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळं तिघांचं छान जमत असावं. एकदा दिनकर हिरव्या गवताचा भारा घेऊन आला, तबेल्यात टाकला आणि तिथंच उभा राहिला. आप्पा म्हणाले, "आलाईस तर ती वाळू भर पोत्यात." त्यानं भरली.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. सुजा बरी झाली नाही. होणारच नव्हती, हे आता मला कळतं. दोनेक वर्षांत रिक्षा आल्या, टांगे बसले, हुसेनभाईंनी बिजली विकली. सुजानं तो पावसाळा चौकटीशी काढला. आज बेळगावच्या बाहेर एके ठिकाणी अशा मुलांना शास्त्रशुद्ध घोड्यावर बसवतात. शेजाऱ्यांचा नातू जातो. मीही एकदा जाऊन बघून आलो. चढायला उतरता ओटा आहे, मुलांच्या डोक्याला टोप आहे, शिकलेली माणसं आहेत. दोन्ही बाजूंनी दोघं चालत होते, हात वर धरून, मुलाच्या अंगापासून वीतभर लांब. मी कुंपणाला धरून उभा राहिलो. त्यांना हे कुणीतरी शिकवलं असणार. मला शालनचं लुगडं आठवलं आणि तिथून लवकर निघालो.

आता उरली ती त्या वर्षीची, मृगाच्या अलीकडची सकाळ. आभाळ भरलेलं, वारा पडलेला, शेतं रिकामी. बिजलीनं आदल्या दिवशी पहिल्यांदा सुजाला पाठीवर घेतलं होतं, तबेल्याच्या आवारात. आज ओढ्यापर्यंत. आप्पा पुढं, दोर धरून. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शालन, हात तयार. हलगी नाही, झेंडा नाही. कट्ट्यावर नेहमीचे म्हातारे. त्यांनी पाहिलं. या वेळी कुणाची पोरगी म्हणून कुणी विचारलं नाही.

चावडीसमोर आप्पांचे पाय थांबले. मला ठाऊकच होतं. घोडी थांबली, आम्ही थांबलो. आप्पा वाकले, डावा हात चपलेकडं गेला. "खडा..."

वरून आवाज आला, टक् टक्.

सुजाला चावडी कळत नव्हती. कट्टा, रिवाज, जयंती, तिच्या आज्याचं सगळं आयुष्य, यातलं तिला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. घोडी थांबली होती, आणि तिला जायचं होतं. इतकंच.

बिजली चालायला लागली. दोर आप्पांच्या मुठीत. चप्पल निघायच्या आधीच दोर ताणला, आप्पा तसेच ओढले गेले, एक पाऊल, दुसरं, फेटा सावरत, पायांत चपला तशाच. कट्टा मागं पडला. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. घोडीच्या टापांबरोबर चपलांचा फटक फटक आवाज तेवढा ऐकू येत होता, ओढा येईपर्यंत.

ओढ्यावर बिजलीनं पाण्याला तोंड लावलं. आप्पा दगडावर टेकले. मी हात खाली न घेता विचारलं, "आप्पा, खडा काढायचा ऱ्हायला की."

त्यांनी पायाकडं पाहिलं, मग वर, सुजाकडं.

"असू दे आत," ते म्हणाले. "बोचत न्हाय."